हातउसने नव्वद हजार

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. मित्राने नवी गाडी घेतली, गोव्याचे फोटो टाकले, तुझा फोन मात्र उचलत नाही, यावर तू चार पानं खर्च केलीस. पैसे कधी दिले, ते शेवटच्या ओळीत. पतसंस्थेच्या वसुलीत माझी एकोणतीस वर्षं गेली, मला त्या एका ओळीशीच काम.

12 नोव्हेंबर 2023. नेमकं लक्ष्मीपूजन! त्या दिवशी घरातली लक्ष्मी बाहेर देऊ नये म्हणतात. तू यूपीआयवरून दिलीस. असो. परतफेडीची तारीख ठरली नव्हती, म्हणजे मुदतीच्या कायद्याप्रमाणे दावा लावायला दिल्या दिवसापासून तीन वर्षं. 12 नोव्हेंबर 2026 उलटला की देणं खरं असूनही दावा मुदतबाह्य. आणि हा पठ्ठ्या तुला 'दिवाळीनंतर बघू' म्हणतोय. त्याला कायदा ठाऊक असेलच असं नाही, पण दिवस त्याच्याच बाजूने सरताहेत.

म्हणून आधी कागद माग, पैसे नंतर. मुदत संपायच्या आत त्याने 'इतके देणे आहे' असं लिहून सही केली, तर तीन वर्षं त्या सहीपासून नव्याने मोजतात. लिहून मागायला जीभ रेटत नाही, कळतं मला. 'घरी बाबा हिशेब विचारतात, एक कागद करून ठेवू' म्हण. आपल्याकडे घरच्यांच्या नावावर बरंच खपतं. व्हॉट्सॲपवरचं त्याचं 'देतो रे' जपून ठेव, पण सगळी भिस्त त्यावर नको. काय देतो, किती देतो, त्यात कुठे आहे? आमच्या ओळखीचे एक वकील मुद्दाम आकडा फुगवून लिहायचे, 'एक लाख दहा हजार येणे आहे'. समोरचा चिडून सहीनिशी उलट लिहायचा, 'नव्वदच घेतलेत!' झाली लेखी कबुली. मला ही युक्ती आवडत नाही. चालते मात्र.

पुढच्या तारखांचे चेक देत असेल तर घे, पण प्रत्येक चेक त्याच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत टाक. वटला नाही, तर बँकेने कळवल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस. ती मिळाल्यावर त्याला पंधरा दिवस. तरीही पैसे आले नाहीत, तर पुढच्या महिन्याभरात, चेक न वटल्याबद्दलचं जे कलम 138 आहे त्याखाली, कोर्टात तक्रार. भलेभले लोक या मोजणीतच मार खातात.

सहीही नाही आणि चेकही नाही, तर वकिलाची नोटीस आणि दिवाणी दावा. बँकेच्या उताऱ्यावर नव्वद हजार गेलेले दिसतील. ते उसने होते, भेट नव्हती, हे दाखवायला तेच व्हॉट्सॲप कामी येईल. तडजोडीला तयार झाला तर लोकअदालत बरी, तिथल्या निवाड्यावर अपील नाही.

त्याचं नाव स्टेटसला टाकायचं तू लिहिलंयस, ते मनातून काढ. येणेकरी तू आहेस, उगाच अब्रूनुकसानीचा आरोपी होशील. त्याच्या सासरीही जायचं नाही. पोलीस बहुधा 'दिवाणी बाब आहे' म्हणून परत पाठवतील. आणि न ठरलेलं व्याज मनाने जोडू नकोस, नव्वदचे नव्वद माग.

शनिवारी दुपारी ये. बँकेचा उतारा आण, कागदाचा मसुदा इथेच बसून करू. काकू पुरणपोळी करणार आहे.

तुझा,
काका