आधी तुझा वजनगट पुरा कर

पोरा,

तुझं पत्र वाचलं. बॉक्सिंगचा जागतिक किताब मिळून वर्षही झालेलं नाही आणि दोन वाटा समोर आल्यात, असं लिहितोस. वरच्या वजनगटातला एक किताब रिकामा झालाय आणि त्यासाठी लढायचं बोलावणं आहे. प्रमोटर म्हणतो, ही लढत जिंकलीस की 'दोन वजनगटांचा जगज्जेता' म्हणून तुझी जाहिरात करता येईल. दुसरी वाट म्हणजे इथंच थांबायचं आणि त्या डावखुऱ्याशी भिडायचं, ज्याचं नाव निघालं की तुझ्या जिममधलेही जरा गप्प होतात.

माझं उत्तर डावखुरा. पण नुसत्या उत्तरानं तुझं समाधान होणार नाही हे ठाऊक आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी किताबांचा हिशेब समजून घे. पुरुषांचे सर्वांना मान्य असलेले 17 वजनगट आणि डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ अशा 4 संघटना. म्हणजे एका वेळी 68 पट्टे, म्हणजेच जागतिक किताब, फिरत असतात, आणि यात हंगामी किताब किंवा डब्ल्यूबीएचे 'रेग्युलर', म्हणजे दुय्यम, जगज्जेते धरलेलेच नाहीत. 1938 मध्ये हेन्री आर्मस्ट्राँगकडे फेदरवेट, लाइटवेट आणि वेल्टरवेट हे तिन्ही किताब एकाच वेळी होते. तेव्हा मूळचे प्रस्थापित गट आठच होते, त्यामुळे जवळजवळ निम्मं बॉक्सिंग त्याच्या मुठीत होतं म्हण ना. त्यातले वरचे दोन त्यानं बार्नी रॉस आणि लू अँबर्स अशा विद्यमान विजेत्यांना हरवून घेतले होते. आणि किताब जिंकून तो बसून राहिला नाही. 1939 च्या एकट्या ऑक्टोबरमध्ये त्यानं वेल्टरवेटचा किताब पाच वेळा पणाला लावला. आज कुणाचंही शरीर तसं वापरू नये, पण वृत्ती बघ.

रिकाम्या किताबाचं काय होतं तेही बघ. 2015 च्या नोव्हेंबरात टायसन फ्युरीनं हेवीवेटचा जगज्जेता व्लादिमिर क्लिचकोला हरवलं. करारात रीमॅच, म्हणजे दोघांची पुन्हा लढत, होती. आयबीएफला मात्र त्यांच्या सक्तीच्या आव्हानवीराशी, म्हणजे ज्याच्याशी जगज्जेत्याला लढावंच लागतं त्या ग्लाझ्कोव्हशी, लढत हवी होती. दोन आठवड्यांच्या आत त्यांनी पट्टा काढून घेतला. जानेवारीत त्या रिकाम्या जागेसाठी चार्ल्स मार्टिन आणि ग्लाझ्कोव्ह लढले, तिसऱ्या फेरीत ग्लाझ्कोव्हचा गुडघा गेला आणि मार्टिन हेवीवेटचा जगज्जेता झाला. एप्रिलमध्ये अँथनी जोशुआनं त्याला दुसऱ्या फेरीत संपवलं. मार्टिननं काही गैर केलं नव्हतं. समोर आलेली लढत तो लढला. पण हेवीवेटच्या जगज्जेत्यांची नावं मोजताना लोक त्याच्यापाशी थांबत नाहीत, आणि तुझ्या प्रमोटरनं आणलेला प्रस्ताव नेमका याच जातीचा आहे.

आता तू म्हणशील, मग किताब राखत बसणं हेच श्रेष्ठ का? तसंही नाही. या बाजूनंही लोक स्वतःची फसवणूक करतात. जो कॅल्झागी आणि स्वेन ओटके, दोघंही सुपर मिडलवेट. एकाकडे डब्ल्यूबीओचा पट्टा, दुसऱ्याकडे आयबीएफचा. दोघांनी आपापला किताब 21-21 वेळा राखला, दोघंही अपराजित निवृत्त झाले, 1998 ते 2004 एवढी वर्षं दोघं एकाच वजनाचे जगज्जेते होते आणि एकमेकांशी एकदाही लढले नाहीत. ओटके निवृत्त झाल्यावर कॅल्झागीनं 2006 मध्ये जेफ लेसीला आणि 2007 मध्ये मिकेल केसलरला हरवलं. या दोन रात्री वगळल्या तर त्याच्या दहा वर्षांच्या राज्याचं वजन किती उरलं असतं? बर्नार्ड हॉपकिन्सचंही तेच. मिडलवेटचा किताब त्यानं 20 वेळा राखला, पण आठवतं काय, तर 2001 चा सप्टेंबर आणि तोवर एकही लढत न हरलेला फेलिक्स त्रिनिदाद. बाराव्या फेरीत हॉपकिन्सनं त्याला थांबवलं.

म्हणून मी नवा किताब जिंकणं आणि हातातला राखणं अशी तुलना करतच नाही. माझा प्रश्न एवढाच असतो: या वजनात तुला हरवू शकेल असा माणूस कोण आहे, आणि तू त्याच्याशी लढलास का?

हा माणूस शोधताना क्रमवारीवर भिस्त ठेवू नकोस. सक्तीचा आव्हानवीर हा सर्वोत्तम आव्हानवीर असतोच असं नाही. संघटनेच्या स्पर्धा, तिचे छोटे किताब, कुणाचा प्रमोटर किती वजनदार, अशा अनेक गोष्टींतून माणूस पहिल्या क्रमांकावर पोचतो. शिवाय प्रत्येक संघटना बाकीच्या तिघींच्या जगज्जेत्यांना आपल्या क्रमवारीत धरत नाही. त्यामुळे तुझ्या वजनातला सर्वांत अवघड माणूस त्या यादीत दिसणारच नाही, अशी शक्यता मोठी असते. तुझा डावखुरा यादीतही वर आहे आणि जिममधल्या कुजबुजीतही. असा योग नेहमी येत नाही.

त्याला टाळलंस तर काय होईल, ते रिडिक बोकडे बघून कळतं. 1988 च्या सोल ऑलिंपिकच्या अंतिम लढतीत लेनॉक्स लुईसनं त्याला दुसऱ्या फेरीत थांबवलं होतं. चार वर्षांनी तेव्हाचा जगज्जेता इव्हँडर होलिफिल्डला हरवून बो निर्विवाद हेवीवेट जगज्जेता झाला आणि डब्ल्यूबीसीनं सांगितलं, आता लुईसशी लढ. बोनं लंडनमध्ये पत्रकारांसमोर तो पट्टा कचऱ्याच्या डब्यात टाकला. पुढच्या वर्षी होलिफिल्डनं त्याच्याकडून उरलेले किताबही घेतले. बो फार मोठ्या ताकदीचा बॉक्सर होता, व्यावसायिक कारकिर्दीत तो ती एकच लढत हरला. तरी त्याचं नाव काढलं की तो डबा आठवतो, आणि लुईसशी व्यावसायिक रिंगमध्ये कधीच न झालेली लढत आठवते. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

वर जाणं चुकीचं नाही, हेही लिहायला हवं. वजन उतरवताना तुझं शरीर कोरडं पडू लागलं, शेवटच्या आठवड्यात पाय उचलेनासे झाले, तर मीच तुला वर पाठवीन, किताब गेला तरी चालेल. वाळलेल्या शरीरानं मार खाणं धोक्याचं असतं आणि त्यात कसलाही मोठेपणा नाही. पण तू स्वतःच लिहितोस की वजन अजून सहज येतं. मग घाई कसली?

वर जायचंच झालं तर नाओया इनोउएसारखा जा. 2022 च्या डिसेंबरात त्यानं बँटमवेटचे चारही पट्टे एकत्र केले. त्या गटात करण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा जानेवारीत चारही सोडून दिले. वर गेल्यावर रिकामा पट्टा शोधला नाही, पहिलीच लढत घेतली ती स्टीफन फुल्टनशी. फुल्टन दोन पट्ट्यांचा मालक आणि अपराजित. त्याला हरवलं आणि त्याच वर्षाच्या 26 डिसेंबरला तिथलेही चारही पट्टे एकत्र केले. मग त्याच गटातल्या अखमादालिएव्हला तो टाळतोय असं लोक बरेच दिवस बोलत राहिले, तर 2025 च्या सप्टेंबरात त्याच्याशीही बारा फेऱ्या लढून गुणांवर जिंकला.

हरशील, ही भीती तुझ्या पत्रात ओळीओळीत आहे. हरूही शकशील. 1941 च्या जूनमध्ये बिली कॉन आपला लाइट हेवीवेटचा किताब सोडून हेवीवेटचा जगज्जेता जो लुईशी लढायला आला. बारा फेऱ्यांनंतर तीनपैकी दोन गुणपत्रकांवर कॉन पुढे होता. तेराव्यात तो नॉकआउटच्या मागे लागला आणि स्वतःच नॉकआउट झाला. ऐंशी वर्षं उलटून गेली तरी कॉनचं नाव आदरानं घेतात, आणि ते घेतात त्या हरलेल्या लढतीमुळेच. लुईनं हेवीवेटचा किताब लागोपाठ 25 वेळा राखला, पण त्या 25 मधल्या किती जणांची नावं तुला सांगता येतील? कॉनचं सांगशील.

पैशाचं थोडक्यात. चार संघटनांचे पट्टे म्हणजे चार फिया, प्रत्येकीची साधारण 3 टक्के, आणि चारही ठिकाणचे सक्तीचे आव्हानवीर. आयबीएफ तर नऊ महिन्यांत अशा आव्हानवीराशी लढत मागते. एका पट्ट्यानिशी तू आत्ता बराच मोकळा आहेस. हा मोकळेपणा डावखुऱ्यासाठी वापर.

उद्या प्रमोटरला फोन कर आणि सांग की वरच्या गटाचं नंतर बघू. तो नाराज होईल, होऊ दे. डावखुऱ्याकडून कराराचा मसुदा आला की सही करण्याआधी मला पाठव. रीमॅचचं कलम मला नीट वाचायचं आहे: ते दोन्ही बाजूंना लागू आहे की फक्त तुला, आणि मधे संघटनेनं सक्तीची लढत मागितली तर पट्ट्याचं काय होणार, हे दोन्ही स्पष्ट लिहून घ्यायचं. सरावासाठी दोन उंच डावखुरे मी शोधतो. पुढच्या सोमवारपासून डावा पाय त्याच्या उजव्या पायाच्या बाहेर ठेवायची सवय सुरू कर.

तुझा,
गुरुजी