बीटूला गाडी अडकलीय? तुमचे प्रश्न, माझी उत्तरं

गेल्या वेळी म्हटलं होतं जरा वरच्या लेव्हलचे प्रश्न पाठवा, तर सगळ्यांचं रडगाणं एकच निघालं, की अडकलोय. (जर्मनच्या एवनपासून सीटूपर्यंत सहा पायऱ्या, बीटू चौथी, सीवन पाचवी.) नौपाड्यात इतकी वर्षं जर्मन शिकवतेय, हे रडगाणं मला पाठ आहे.

प्रश्न : ताई, जर्मन बीटू होऊन सव्वा वर्ष झालं. रोज तासभर अभ्यास करतो, सिरीज बघतो, पण पुढे सरकतच नाहीये. (घोडबंदर रोड)

सरकतोयस, फक्त दिसत नाहीये. पॉल नेशन या भाषातज्ज्ञाने २००६ मध्ये इंग्रजीचा हिशोब मांडला होता, की कादंबरी किंवा पेपर आरामात वाचायचा तर ९८ टक्के शब्द ओळखीचे हवेत आणि त्यासाठी ८ ते ९ हजार शब्दकुटुंबं (एक शब्द आणि त्याची रूपं मिळून एक कुटुंब) लागतात. आता गंमत बघ, त्यातली सगळ्यात वापरातली पहिली हजारच साधारण ८० टक्के मजकूर खाऊन टाकतात. जर्मनचे आकडे वेगळे असतील पण तऱ्हा तीच. एवनला शिकलेला शब्द संध्याकाळपर्यंत चार वेळा भेटायचा, आत्ताचा शब्द परत भेटायला महिना लागतो आणि तोवर तू त्याला विसरलेला असतोस.

म्हणून अशा शब्दांच्या भेटीगाठी मुद्दाम घडवून आणायच्या. एकच विषय धर आणि तीन आठवडे फक्त तोच वाच, तोच ऐक. मी बॅचला जर्मन रेल्वेचा उशीर हा विषय देते, कारण त्यावर तिकडे कोणी ना कोणी वैतागून लिहीतच असतं आणि आपल्याला सिग्नल, पॉइंट, रद्द गाड्या हे सगळं लोकलमुळे आधीच तोंडपाठ, त्यामुळे फक्त जर्मन शब्द तेवढे चिकटवायचे. (तिकडे ६ मिनिटांच्या आतला उशीर हा उशीर धरतच नाहीत. मनं मोठी आहेत.)

प्रश्न : जपानीची एन-टू पास आहे, ऐरोलीला जपानी क्लायंटच्या प्रोजेक्टवर आहे. मेल सगळे कळतात, मीटिंगमध्ये तोंड उघडलं की ततपप.

अहो जेएलपीटीत (एन-टू ज्या जपानी परीक्षेची पातळी आहे ती) बोलायची परीक्षाच नसते, लिहायचीही नाही, मग एन-टूच्या अभ्यासातून बोलणं कुठून येणार? मेरिल स्वेन यांनी कॅनडात फ्रेंच माध्यमातून शिकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांचा अभ्यास केला होता. वर्षानुवर्षं वर्गात फ्रेंच कानावर पडून ती मुलं समजण्यात जवळपास फ्रेंच मुलांइतकी तयार झालेली, पण बोलताना-लिहिताना व्याकरण लंगडं. मग १९८५ मध्ये त्यांनी मांडलं की नुसतं ऐकून भागत नाही, तोंडातून काढायला गेलं की तेव्हाच कळतं आपल्याला नेमकं काय येत नाहीये.

तुमच्याच ऑफिसातलं उदाहरण देते. सर्वर पडला म्हणजे 'ओचिरु', सर्वर पाडला म्हणजे 'ओतोसु'. वाचताना दोन्ही कळतात, पण मीटिंगमध्ये घाईघाईत 'ओतोशिमाशिता' (पाडला) म्हणून बसलात की क्लायंटला वाटणार तुम्हीच बंद केलात. खरं तर मराठी माणसाला हे अवघड जायलाच नको, पडणे-पाडणे, तुटणे-तोडणे आपण दुधाच्या दातांपासून बोलतोय, पण आपण जपानीकडे इंग्रजीतून जातो आणि तिथे 'ब्रेक' एकच, मग घोळ होतो. जपानीची वाक्यं मनात मराठीत लावून बघा, क्रियापद शेवटी, प्रत्यय नामाच्या मागे, निम्मं काम होतं.

आणि रोज निघायच्या आधी आजचं स्टेटस दोन मिनिटं फोनवर रेकॉर्ड करा, ऐका, जिथे अडखळलात ती वाक्यं शोधून काढा आणि परत तेच बोला, असं तीनदा. स्वतःचा आवाज ऐकणं भयंकर असतं, माहितीये.

प्रश्न : अँकीत (शब्द पाठ करायच्या कार्डांचं ॲप) साडेसात हजार कार्डं झालीत, रोज ३०० रिव्ह्यू. बंद करू?

८ वेळा विसरलेल्या कार्डाला अँकी स्वतःच 'लीच' म्हणतं, म्हणजे जळू. त्या काढून टाका, दया नको. नवीन कार्डं महिनाभर बंद. पुढे सुटा शब्द घालू नका, जिथे भेटला ते अख्खं वाक्य घाला.

प्रश्न : तीन महिन्यांत सीवन होईल का? (वाशी)

आत्ता कुठे आहात ते लिहिलंच नाहीत. गोएथे इन्स्टिट्यूटच्या सीवन परीक्षेला प्रत्येक मॉड्यूलमध्ये (वाचणं, ऐकणं, लिहिणं, बोलणं) १०० पैकी ६० लागतात. सरावात आधीच पन्नासच्या वर गुण पडत असतील तर पेपर सोडवून सोडवून निघेल. नाहीतर नाही.

प्रश्न : मुलगी म्युनिकला, जावई जर्मन. माझं सीवन झालंय तरी डेर-डी-दास (नामाचं लिंग दाखवणारे शब्द) चुकतंच, आणि जावई म्हणतो तुम्ही पुस्तकासारखं बोलता. वय ६३, आता काय सुधारणार? (नेरुळ)

वयाचं सोडा हो, माझे तिशीतले विद्यार्थीही हेच चुकतात. लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये याला जीवाश्म होणं म्हटलं होतं, चूक दगडासारखी घट्ट बसते. माझ्या मते खरं कारण एकच, चालून जातं. जावयाला कळतं, तो हसतो, गाडी पुढे जाते. त्याला सांगा महिनाभर फक्त लिंगाची चूक झाली की बोट वर करायचं, बाकी सगळं माफ. आणि आपण 'खुर्ची स्त्रीलिंगी' असं कधी पाठ केलं नव्हतं, 'मोडकी खुर्ची', 'मोडकं टेबल' असं कानात बसलं, तसंच 'आइन आल्टेस हाउस' (जुनं घर), 'आइने आल्टे ब्र्यूके' (जुना पूल) असं विशेषणासकट बोलायची सवय लावा.

पुस्तकी बोलण्याचं म्हणाल तर त्यात चूक नसते, मीठ नसतं. 'इकडे ये' आणि 'ये की जरा इकडे' यात जो फरक तोच जर्मनमध्ये 'डॉख' आणि 'माल' करतात, 'कोम डॉख माल हेर'. 'दास इस्ट हाल्ट झो' म्हणजे आपलं 'असंच असतं हो ते'. दुसरं म्हणजे शब्दांच्या जोड्या. जर्मन माणूस निर्णय घेत नाही, तो निर्णयाला 'ट्रेफेन' करतो, शब्दशः गाठतो. 'निर्णय केला' म्हटलं तर आपल्याला कळतं, पण कानाला खटकतंच ना, तसंच त्याला तुमचं खटकत असणार. पुढच्या फोनवर फक्त 'डॉख' पकडायला बसा, मुलगी-जावई आपसात बोलताना कुठे कुठे टाकतात ते वहीत लिहा. आणि जावई मराठी शिकत असेल तर 'की' कुठे लावायचा ते एकदा विचारून बघाच त्याला.