टर्मिनलवर लक्ष लागतं, पण मराठीसाठी वेगळी सोय हवी

उबुंटूवर (लिनक्सच्या एका प्रकारावर) लिहायला बसलं की नोटिफिकेशनं आणि ब्राउझरचे टॅब लक्ष खेचतात, सगळं काम टर्मिनलवर, म्हणजे फक्त मजकूर आणि टाइप केलेल्या आज्ञांवर चालणाऱ्या स्क्रीनवर, नेलं तर फरक पडेल का, असं तुम्ही विचारलंय. नक्की पडेल. फक्त डेस्कटॉपवरच टर्मिनलची खिडकी उघडून बसू नका. ब्राउझर शेजारीच असतो आणि हात आपोआप ऑल्ट-टॅबवर जातो.

कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबा. डेस्कटॉप नाहीसा होऊन काळ्या स्क्रीनवर लॉगिन येईल. तिथे टीमक्स (टर्मिनलमधलं काम मागे चालू ठेवणारा प्रोग्रॅम) सुरू करा आणि त्यात विम हा लिहिण्याचा एडिटर उघडा. विम जड जात असेल तर नॅनो हा सोपा एडिटर वापरा, त्यात काही कमीपणा नाही. उठताना कंट्रोल-बी आणि मग डी दाबलं की टीमक्स मागे चालू राहतं. पुन्हा बसाल तेव्हा ‘टीमक्स अटॅच’ केलंत की कर्सर जिथे सोडला होता तिथेच सापडतो. मशीन बंद केलं तर मात्र टीमक्समधलं हे चालू सेशन जातं. माझ्या मते खरा फायदा इथेच आहे: कामाला लागताना वाटेत ब्राउझर येतच नाही. अक्षर बारीक वाटलं तर कन्सोल-सेटअप या काळ्या स्क्रीनच्या सेटिंगमध्ये टर्मिनस फॉन्टचा १६×३२ आकार निवडा. ईमेलसाठी मट हा टर्मिनलवरचा प्रोग्रॅम आहे, पण सुरुवातीला त्याच्या नादी लागू नका, सेटिंगमध्येच दिवस जाईल.

मराठी लिहिणार असाल तर हा मार्ग चालणार नाही. लिनक्सच्या साध्या कन्सोलच्या, म्हणजे त्या काळ्या स्क्रीनच्या, फॉन्टमध्ये जास्तीत जास्त ५१२ चिन्हं मावतात आणि जोडाक्षरं घडवण्याची सोय त्यात नाही. ‘क्षितिज’ टाइप केलंत तर नुसते ठोकळे दिसतील. डेस्कटॉपवरच्या बऱ्याच टर्मिनलांतही प्रत्येक चिन्हाला ठरावीक रुंदीचा चौकोन मिळतो, त्यामुळे वेलांट्या सरकतात आणि जोडाक्षरं फुटतात. असल्या मजकुराचं मुद्रितशोधन करणं म्हणजे डोळ्यांना शिक्षाच.

म्हणून मराठीसाठी एमॅक्स या एडिटरची ग्राफिकल (डेस्कटॉपवर स्वतःच्या खिडकीत उघडणारी) आवृत्ती घ्या. २०२० साली आलेल्या २७व्या आवृत्तीपासून त्यात हार्फबझ (जोडाक्षरं नीट घडवणारी प्रणाली) आहे आणि देवनागरी नीट जुळते. मेनूबार, टूलबार बंद करा, एफ११ दाबून फुल स्क्रीन करा आणि उबुंटूचं ‘डू नॉट डिस्टर्ब’ चालू ठेवा. मग समोर फक्त तुमचा मजकूर उरतो. तरीही अक्षरं फुटली तर ऑल्ट-एक्स दाबून ‘व्हर्जन’ टाइप करा आणि आवृत्ती तपासा. ती नवी असेल, तर नोटो सान्स देवनागरी फॉन्ट बसवलाय का ते बघा.