चाके टेकण्यापूर्वी

सातारा

प्रिय विद्यार्थिनीस,
सप्रेम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. नोजव्हील, म्हणजे पुढचे चाक, मोडले, प्रोपेलरची दोन्ही पाती धावपट्टीला घासून वाकली आणि तू मात्र धडधाकट बाहेर आलीस, हे वाचून जीव भांड्यात पडला. मात्र ‘उसळी आल्यावर मी नाक खाली करायला कंट्रोल पुढे ढकलला, म्हणून अपघात झाला’ एवढेच लिहून तू चौकशीचा जबाब संपवणार असशील, तर ते मला पटणार नाही. ती चूक खरीच आहे, पण ती सर्वांत शेवटची आहे.

सेसना १७२ हे तुझे विमान उतरवताना फ्लॅप्स, म्हणजे पंखांमागच्या झडपा, पूर्ण सोडून वेग ६५ नॉटच्या (ताशी सुमारे १२० किलोमीटरच्या) आसपास आणायचा असतो. तू ७५ वर होतीस. त्या वेगाला पंखांतली उचल संपलेली नसते, आणि अशा वेळी विमान जबरदस्तीने टेकवले की पुढचे चाक आधी आपटते, नाक वर फेकले जाते आणि विमान पुन्हा हवेत जाते. घाबरून नाक खाली दाबावे, तर त्याचा परिणाम दिसेपर्यंत विमान स्वतःहूनच खाली येऊ लागलेले असते. त्यामुळे प्रत्येक उसळी आधीच्या उसळीपेक्षा मोठी होते आणि तिसऱ्या आपटीला बहुधा नोजव्हीलचा दांडा हार मानतो. तुझ्या बाबतीत नेमके हेच झाले.

मग ७५ नॉट आले कुठून? मागून दुसरे विमान येत होते म्हणून तू वळण लवकर घेतलेस, फायनलवर, म्हणजे धावपट्टीच्या रेषेतल्या शेवटच्या टप्प्यावर, उंच राहिलीस आणि ती उंची उतरवण्यासाठी नाक खाली केलेस, असे तुझ्याच पत्रात आहे. शिवाय वाऱ्याची दिशा दाखवणारा विंडसॉक तू डाउनविंडला, म्हणजे धावपट्टीला समांतर उलट दिशेने उडताना, पाहिलास, फायनलवर पुन्हा पाहिला नाहीस. तेवढ्यात वारा फिरला होता आणि पाच नॉट पाठीमागून येत होता. म्हणजे जमिनीच्या हिशेबाने ६५ ऐवजी ८०. ऊर्जा वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, तेव्हा ही ऊर्जा दीडपट झाली. ‘थोडा जास्त वेग बरा असतो’ हा समज शिकाऊ वैमानिकांमध्ये फार खोल रुजलेला आहे आणि मला तो धोकादायक वाटतो.

उन्हाचाही विचार कर. आपले कराड समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून उंच आहे. तिथे एप्रिलच्या दुपारी पारा ३८ अंशांवर गेला की हवा इतकी विरळ होते की वेगाच्या काट्यावर ६५ दिसत असताना विमान प्रत्यक्षात सुमारे ७० नॉटने जात असते. जमीन वेगाने मागे पळताना दिसते, फ्लेअरचा, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलण्याचा, अंदाज चुकतो. अशा वेळी डोळ्यांवर नव्हे, काट्यावर विश्वास ठेवायचा.

शिकत असताना मीही असाच उसळलो होतो. पण उजवीकडून माझ्या प्रशिक्षकांचा हात आला, माझ्या बोटांवरूनच त्यांनी इंजिनाची शक्ती वाढवणारा थ्रॉटल पूर्ण पुढे लोटला आणि आम्ही पुन्हा वर गेलो. त्या पंजाचा दाब मला आजही आठवतो. सोलो उड्डाणात उजवी खुर्ची रिकामी असते, म्हणून तो हात तुझाच असायला हवा: पूर्ण शक्ती, नाक सरळ, फ्लॅप्स २० अंशांवर आणि वेग आल्यावरच पुढची चढण. खरे तर हा निर्णय उसळीपर्यंतही थांबायला नको होता. फायनलवर वेग दहाने जास्त दिसला, तिथेच गो-अराउंड करायला, म्हणजे न उतरता पुन्हा वर चढायला, हवे होते.

जबाबात हे सर्व, मागच्या विमानाच्या दडपणासह, आठवते तसे आणि त्याच क्रमाने लिही. इतरांशी चर्चा करण्याआधी लिही, कारण चर्चेत आठवणी एकमेकींत मिसळतात. आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतुकीच्या शिकागो करारातील परिशिष्ट १३ नुसार अशा तपासाचा एकमेव हेतू पुढचे अपघात टाळणे हा आहे, दोष ठरवणे हा नाही. आणि इंजिन उघडून तपासल्याशिवाय त्या विमानात बसू नकोस. पाती जमिनीला लागल्यावर प्रोपेलर फिरवणाऱ्या क्रँकशाफ्टला बसलेला हिसका बाहेरून दिसत नाही, आणि नोजव्हीलचा मार इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या फायरवॉलच्या पत्र्यावर सुरकुत्या पाडून जातो.

जबाब पाठवण्यापूर्वी कच्चा मसुदा घेऊन रविवारी घरी ये. पुन्हा उडायला लागलीस की पहिला तास प्रशिक्षकांना सोबत घेऊन फक्त गो-अराउंडचा कर, एकदाही न टेकता.

तुझा,
जुना प्रशिक्षक