डिकीचा कोपरा, सहा थर फायबर आणि कुरमुरे

गेल्या वेळी गाडीतल्या सबवूफरच्या, म्हणजे जाड बेस वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या (ऊफरच्या), एमडीएफ बॉक्सवर लिहिलं होतं; एमडीएफ म्हणजे लाकडाचा लगदा दाबून केलेली फळी. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी निम्मे फायबरच्या, म्हणजे काचतंतूंवर रेझीन नावाचं पातळ, वाळून दगड होणारं रसायन चढवून केलेल्या बॉक्सचे निघाले. त्यातले काही आज घेतो.

प्रश्न (नाशिक): मित्राच्या गाडीत फायबरचा बॉक्स आहे. ऊफर दोघांचा एकाच मॉडेलचा, अँप्लिफायरही तसाच, पण त्याचा बेस माझ्या लाकडी बॉक्सपेक्षा कितीतरी घट्ट वाटतो. फायबरने आवाज सुधारतो का?

नाही. बॉक्स कडक असला आणि कुठून हवा गळत नसली की तो लाकडाचा आहे की फायबरचा, हे ऊफरला कळत नाही. त्याला कळते ती पाठीमागे कोंडलेली हवा, आणि ती हवाच त्याची स्प्रिंग असते. अमेरिकन संशोधक एडगर विल्चर यांनी १९५४ साली याच तत्त्वावर घरातला स्पीकर लहान करून दाखवला. मित्राच्या बॉक्समध्ये आतल्या हवेचे लिटर बरोबर बसले असतील, तुमच्यात चुकले असतील. किंवा त्याचा ऊफर डिकीच्या कोपऱ्यात असेल आणि तुमचा मध्यभागी.

फायबर करायचं ते जागेसाठी, आवाजासाठी नव्हे. चाकाच्या कमानीमागचा वेडावाकडा खड्डा लाकडाने भरता येत नाही, तिथे फायबरला पर्याय नाही. डिकी सपाट आणि मोकळी असेल तर १८ मिलिमीटरचा एमडीएफ आणा आणि एका दिवसात मोकळे व्हा. फायबरला चार-पाच दिवस जातात आणि आठवडाभर अंग खाजतं.

प्रश्न (कोल्हापूर): हॅचबॅकच्या डिकीत डावीकडच्या खड्ड्यात १० इंची ऊफर बसवायचा आहे. साचा थेट गाडीतच काढतात म्हणे. गाडीला चिकटला तर?

साचा गाडीतच काढतात (तोच पुढे बॉक्सची पाठ होतो), आणि चिकटतो तो टेपच्या फटीतून. माझ्या पहिल्या बॉक्सच्या वेळी दोन पट्ट्यांमध्ये बोटभर जागा उघडी राहिली होती. दुसऱ्या दिवशी डबा ओढला तर कार्पेटसकट बाहेर आला. तेव्हा मास्किंग टेपचा पहिला थर आडवा, दुसरा उभा, आणि प्रत्येक पट्टी शेजारच्या पट्टीवर निम्मी चढलेली. त्यावर स्वयंपाकघरातली अॅल्युमिनियम फॉइल आणि फॉइलला मेणाचं पॉलिश. बाकी सगळी गाडी, सीट आणि बंपरसुद्धा, प्लास्टिकने झाका. रेझीनचा थेंब रंगावर पडला की तो आयुष्यभराचा सोबती.

टेप लावण्याआधी खड्डा नीट निरखा. तोंड लहान आणि पोट मोठं, असा माठासारखा आकार असेल तर साचा तयार होईल पण बाहेर निघणार नाही. अशा बगला आधी पुठ्ठ्याने भरून सरळ करा. दोन लिटर जागा जाईल, जाऊ द्या.

मॅट, म्हणजे काचतंतूंची चटई, चौरस मीटरला ४५० ग्रॅमची घ्या. तिचे तळहाताएवढे तुकडे कात्रीने न कापता हाताने फाडा. फाटलेल्या कडेचे तंतू शेजारच्या तुकड्यात मिसळतात, कापलेली कड मात्र उठून दिसते. ब्रश रंगासारखा ओढायचा नाही, टोचत टोचत रेझीन आत मुरवायचं. पांढरी मॅट पारदर्शक झाली की ती भिजली. पांढरा ठिपका राहिला तर तिथे हवा अडकली आहे, रोलरने ती कडेला आणा. गाडीत फक्त दोन थर द्या आणि रात्रभर वाळू द्या. मग साचा बाहेर काढून उरलेले थर अंगणात चढवा. गाडीत सगळे थर एकदम दिले तर उष्णता वाढते, साचा वाकतो आणि वास महिनाभर जात नाही.

पुढच्या तोंडाला एमडीएफची रिंग. ती हव्या त्या कोनात लाकडी काठ्यांवर उभी करून चिकटवा आणि रिंगपासून साच्याच्या कडेपर्यंत फ्लीसचं किंवा जुन्या होजिअरी टी-शर्टचं कापड ताणून स्टेपल करा. कापड ताणलं की आकार आपोआप येतो, आणि या कामातला मला सर्वांत आवडणारा क्षण तोच. मात्र नुसतं रेझीन पाजलेलं कापड म्हणजे पापड. ताकद मॅटची असते. हाताने लावलेला ४५० ग्रॅमचा एक थर साधारण एक मिलिमीटर भरतो, म्हणजे सहा मिलिमीटरसाठी सहा थर. रिंगच्या आतल्या बाजूने हात घालून तेही थर द्यायचे. तिथे कंटाळा करणारे खूप. शेवटी बोटाच्या पेराने सगळीकडे ठोकून बघा. ‘टक’ आलं तर ठीक. ‘ढब’ आलं तर तिथे अजून मॅट हवी, कारण तीच जागा पुढे ऊफरबरोबर थरथरणार आणि बेस खाणार.

प्रश्न (सोलापूर): पहिल्या वेळी रेझीन डब्यातच तापून जेलीसारखं झालं. म्हणून पुढच्या वेळी हार्डनर कमी घातला, तर दोन दिवस चिकट. नक्की प्रमाण किती?

पॉलिएस्टर रेझीनला वजनाच्या १ ते २ टक्के हार्डनर (रेझीन घट्ट करणारं रसायन). सोलापूरच्या उन्हाळ्यात १ टक्क्याच्या आसपासच राहा आणि सकाळी लवकर काम करा. २०० ग्रॅम रेझीनला २ ग्रॅम हार्डनर. झाकणाने मापू नका, सोन्याचांदीसाठी वापरतात तसला छोटा काटा आणा. खोल डब्यात एक किलो कालवलं की उष्णता बाहेर पडायला वाट मिळत नाही. म्हणून पसरट भांड्यात पाव किलोपेक्षा जास्त कालवू नका.

चिकटपणा दोन तऱ्हेचा असतो. नखाने दाबून बघा. आत दगड आणि वर फक्त ओशटपणा असेल तर काही बिघडलेलं नाही. साधं लॅमिनेटिंग रेझीन हवेच्या संपर्कात वरून तसंच राहतं, पुढचा थर त्याला उलट छान धरतो. शेवटच्या थरानंतर अॅसिटोनने पुसा आणि मग लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरायला घ्या. पण नख आत रुतलं तर हार्डनर कमी पडला किंवा नीट कालवला गेला नाही. तो थर खरवडून काढा. त्यावर नवा थर चढवून झाकू नका.

आता तुम्ही विचारलं नाही ते सांगतो. दुकानात कधी कधी तीन बाटल्या देतात: रेझीन, कोबाल्ट (रेझीन लवकर वाळवणारा द्रव) आणि हार्डनर. कोबाल्ट आणि हार्डनर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, भडका उडतो, स्फोटही होऊ शकतो. आधी कोबाल्ट रेझीनमध्ये पूर्ण ढवळायचा, त्यानंतरच हार्डनर. बहुतेक वेळा कोबाल्ट आधीच घातलेला असतो, तेव्हा विचारून घ्या. हार्डनर डोळ्यात उडाला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून गॉगल हवाच. कोविडच्या वेळचा एन-९५ मास्क घासकामाच्या धुळीला चालेल, रेझीनच्या वाफेला तो अडवत नाही. त्यासाठी कार्बन कार्ट्रिजवाला मास्क लागतो. आणि फ्लॅटच्या गॅलरीत हे काम करू नका, शेजारी सोसायटीच्या सभेत उभे राहतील.

प्रश्न (ठाणे): असल्या वाकड्या डब्याचे लिटर मोजायचे कसे?

कुरमुऱ्यांनी! पाण्याने मोजता येतं, पण २० लिटर म्हणजे २० किलो, आणि एमडीएफची रिंग भिजून फुगते. ऊफरच्या भोकातून कुरमुरे भरा, डबा हलवून बसवा, काठोकाठ आले की चौकोनी खोक्यात ओता. समजा खोकं ४० बाय ३० सेंटिमीटरचं आहे आणि कुरमुरे १९ सेंटिमीटर उंच आले. गुणाकार २२,८०० घन सेंटिमीटर, म्हणजे २२.८ लिटर. त्यातून ऊफरच्या पाठीचे, चुंबकाचे दोनेक लिटर वजा. (नंतर त्या कुरमुऱ्यांचा चिवडा करू नका, फायबरची कूस जाते त्यात.)

हे लिटर पुरेसे आहेत का, ते ऊफरच्या कागदावर बघा. व्हीएएस (ऊफरच्या लवचिकतेइतकी स्प्रिंग देणारी हवा) ४० लिटर आणि क्यूटीएस (ऊफरची थरथर किती आवरली जाते त्याचा आकडा) ०.४५ असलेला ऊफर २० लिटरच्या सीलबंद डब्यात घातला, तर ४० भागिले २० अधिक १ म्हणजे ३. त्याचं वर्गमूळ १.७३, गुणिले ०.४५, उत्तर ०.७८. हा आकडा ०.७ ते ०.८ च्या आसपास आला की बेस नेटका येतो. तोच ऊफर १० लिटरमध्ये कोंबला तर आकडा १ वर जातो आणि एकाच सुराचं धुम-धुम सुरू होतं. लिटर थोडे कमी पडले तर उशीत भरतात तो पॉलिएस्टरचा कापूस सैलसर भरा. जास्त झाले तर आत लाकडाचे ठोकळे चिकटवा.

प्रश्न (सांगली): आकारासाठी थर्माकोल कोरला आणि त्यावरच मॅट लावली तर?

पॉलिएस्टर रेझीन थर्माकोल खाऊन टाकतं. पीयू (पॉलियुरेथेन) फोम वापरा.

प्रश्न (पुणे): माझ्या गाडीत डिकीत सीएनजीची टाकी आहे. टाकीच्या फ्रेमलाच बॉक्सचे नटबोल्ट लावले तर चालेल ना?

अजिबात नाही. फ्रेमला भोक नाही, टाकीला आधार नाही, आणि व्हॉल्व्ह झाकला जाईल असं काहीच नाही. टाकी दर तीन वर्षांनी चाचणीसाठी उतरवावी लागते. त्या दिवशी तुमचा बॉक्स फोडूनच काढावा लागेल. तुम्हाला सीटखालचा ८ इंची पातळ, अँप्लिफायर आतच असलेला सबवूफर बरा. घर हादरवणार नाही, पण गाणं भरल्यासारखं वाटेल.

प्रश्न (सातारा): बॉक्स झाला, लांबी-पेपर झाला, कार्पेटही लावलं. पण बेस आला की कुठून तरी ‘फुर्र’ असा आवाज येतो.

हवा गळतेय. ऊफरचा कोन दोन्ही हातांनी, बोटं पसरून, हळूच आत दाबा आणि सोडा. घट्ट डब्यात तो सावकाश परत येतो, गळका असेल तर लगेच उसळतो. मग उदबत्ती पेटवा, एखादं संथ, जाड बेसचं गाणं लावा आणि उदबत्ती कडेकडेने फिरवा. धूर जिथे थरथरेल तिथे भोक. दहांपैकी सात वेळा ते वायर जिथून बाहेर येते तिथे किंवा ऊफर आणि रिंगच्या मध्ये सापडतं. ऊफरखाली फोमची पट्टी टाका, आणि लाकडात पिळायचा साधा स्क्रू लावला असेल तर काढून टी-नट (फळीत ठोकायचा दातेरी नट, त्यात बोल्ट बसतो) बसवा, कारण एमडीएफमध्ये स्क्रू चार महिन्यांत ढिला होतो. साच्याच्या जोडाला भोक असेल तर कार्पेट सोलूनच काढावं लागेल. पुढच्या वेळी कार्पेट लावण्याआधी उदबत्ती फिरवा.