पावसाळ्यात एकटंच जाताना बाईक चिखलात रुतली तर बाहेर कशी काढायची?

पहिलं म्हणजे ॲक्सिलेटर सोडा. चाक जागेवर फिरत राहिलं की खड्डा खोल होतो आणि गाडी पार चेनपर्यंत बसते. इंजिन बंद करा, बॅगा उतरवा, पेट्रोलचा कॉक असला तर तोही बंद, मग सायलेन्सर वर राहील अशा बाजूला, बहुतेक गाड्यांत डावीकडं, गाडी हळू आडवी करा, चाक वर येतं आणि खालचा खड्डा मोकळा मिळतो, त्यात दगड फांद्या जे सापडेल ते गच्च भरा आणि मग उभी करा. वर बसू नका, बाजूनं ढकलत फर्स्ट गियरला क्लच अगदी हळू सोडा.

आपल्या बेळगाव जिल्ह्यात खानापूर जांबोटीकडची लाल माती घसरते, पण खाली दगड टाकला की पकड मिळते. निपाणी चिकोडीकडची काळी माती लई चिकट, मडगार्ड आणि टायरच्या मधे भरून चाकच जाम करते, ती आधी काठीनं उकरून काढा नाहीतर कितीबी ढकला उपयोग नाही.

आणि भीमगडच्या जंगलाकडं असाल, अंधार पडायला आला असेल तर गाडी तिथंच सोडा, खरंच, गवे अस्वलं आहेत तिकडं, उजेड आहे तोवर डांबरी रस्ता गाठा.