पॅराशूट उघडलं तरी आजोबांचं हाड मोडलं, मग जबाबदार कोण?

प्रश्न थोडक्यात असा. जुन्नर तालुक्यातले एक व्हिडिओ शूटिंगवाले दादा लिहितात की यात्रेतल्या बैलगाडा शर्यतीचं यूट्यूब लाइव्ह कमिटीने त्यांना दिलं होतं, ड्रोन भाचा उडवत होता, वय १९. ड्रोन किलोभराचा, २०२३ मध्ये बिलाशिवाय घेतलेला. गर्दीवरून फिरवायचा म्हणून मुद्दाम ३८ हजारांचं पॅराशूट बसवलं, विकणाऱ्याने व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून दिलेलं की "एफएए कम्प्लायंट, माणसांवरून उडवायला लीगल". बारी (शर्यतीतली एका गाड्याची धाव) सुटली, मधेच ड्रोनची एक मोटर बंद पडली, पॅराशूट उघडलं, पण ड्रोन घाटाच्या, म्हणजे बैल पळतात त्या धावपट्टीच्या, कडेला उभ्या आजोबांच्या खांद्यावर आला, कॉलरबोन फ्रॅक्चर. आता घरचे म्हणतात ४ लाख द्या नाहीतर केस करतो, पोलीस स्टेशनमधून जबाबाला बोलावलंय, आणि कमिटी हात वर करून मोकळी. दादांचं म्हणणं, पॅराशूट लावलं म्हणजे आम्ही काळजी घेतली होती ना, मग चूक आमची कशी?

दादा, पहिलं त्या "एफएए कम्प्लायंट"चं बघू कारण तुमची सगळी भिस्त त्याच्यावर आहे. एफएए म्हणजे अमेरिकेतलं विमान वाहतूक खातं, तिथे २०२१ पासून माणसांवरून ड्रोन उडवायचे वेगळे नियम आहेत, चार कॅटेगरी आहेत, आणि ड्रोन अंगावर पडला तर किती जोरात लागेल यावर त्यातल्या दोन ठरतात. पॅराशूट तिथे कामाला येतं ते याच्यासाठी, पडायचा वेग कमी झाला की मार कमी बसतो. पण तिथेही नुसतं पॅराशूट अडकवलं आणि झालं असं नाही, अमुक मॉडेलच्या ड्रोनवर तमुक पॅराशूट टेस्ट करून त्या जोडीचं पालन-घोषणापत्र एफएएने स्वीकारलेलं लागतं, शिवाय पंख्याची पाती कातडी कापतील अशी उघडी चालत नाहीत. आणि कॅटेगरी तीनचा ड्रोन तर मोकळ्या मैदानातल्या जमावावरून न्यायलाच बंदी. म्हणजे उघड्या पात्यांचा तुमचा ड्रोन घाटावरच्या त्या गर्दीवरून अमेरिकेतही नियमात बसला नसता.

आपल्याकडे तर ड्रोन नियम २०२१ मध्ये "पॅराशूट लावा आणि गर्दीवर उडवा" अशी सवलतच नाहीये. घाट ग्रीन झोनमध्ये (सरकारी ड्रोन नकाशावरच्या हिरव्या भागात) असेल तर ४०० फुटांपर्यंत उडवायला आगाऊ परवानगी लागत नाही हे खरं, पण ते आभाळापुरतं, खाली उभ्या माणसाच्या डोक्यापुरतं नाही. तुमचा ड्रोन २५० ग्रॅमच्या वर आणि २ किलोच्या आत, म्हणजे नियमांतल्या मायक्रो वर्गातला, आणि तुम्ही तो पैसे घेऊन उडवता, म्हणजे भाच्याकडे रिमोट पायलट सर्टिफिकेट हवं होतं, ते नाही. यूआयएन, म्हणजे ड्रोनचा नोंदणी नंबर नाही, थर्ड पार्टी इन्शुरन्स नाही. आणि बाहेरून तयार ड्रोन आणायला डीजीएफटीने (केंद्राचं परदेश व्यापार खातं) ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी घातलीये, तेव्हा २०२३ मध्ये बिलाशिवाय घेतलेला चायनीज ड्रोन नोंदणीला कसा लागणार ते तुम्हीच सांगा. लग्नाच्या सीझनमध्ये अर्ध्या तालुक्यात असेच ड्रोन फिरतात, मला माहितीये, पण पडलेला फक्त तुमचा आहे.

आता मुद्द्याचं. पॅराशूट लावल्याने परवानगी मिळत नाही, पण "आम्ही काळजी घेतली" याचा पुरावा म्हणून ते कोर्टात नक्की चालू शकतं, अट एकच की ते मॅन्युअलप्रमाणे वापरलेलं असावं. आणि इथेच तुमची गाडी अडते. तुम्ही दोन फोटो पाठवलेत ते मी झूम करून बघितले. मॅन्युअलच्या पानावर स्वच्छ छापलंय की किमान ३० मीटर उंची असल्याशिवाय पॅराशूटवर भरवसा ठेवू नका, आणि फ्लाइट लॉगच्या स्क्रीनशॉटमध्ये मोटर फेल झाली त्या ओळीत उंची आहे १४ मीटर. १४ मीटरवरून वस्तू पडायला पावणेदोन सेकंदही लागत नाहीत, त्यात बिघाड ओळखायचा, मोटरी बंद करायच्या, कापड बाहेर फेकायचं आणि ते हवेने फुगायचं, म्हणजे पूर्ण फुगायच्या आत ड्रोन आजोबांपर्यंत पोचला. नीट फुगलं असतं तर किलोभर वजन सेकंदाला चार-पाच मीटरने उतरलं असतं, मुका मार बसला असता, कदाचित हाड वाचलं असतं. तेव्हा समोरचा वकील एवढंच विचारेल की पडू शकतो हे माहीत होतं म्हणून तर पॅराशूट घेतलंत ना, मग ते चालणार नाही एवढ्या खाली, लोकांच्या डोक्यावर का आणलंत? याला तुमच्याकडे उत्तर नाहीये. "बैल जवळून दिसावेत म्हणून कमिटीने सांगितलं" हे उत्तर नव्हे.

पोलिसांचं म्हणाल तर घाबरून जाऊ नका पण हलक्यातही घेऊ नका. हाड मोडणं ही कायद्याने गंभीर दुखापत धरतात, म्हणून भारतीय न्याय संहितेचं कलम १२५(बी) लागू शकतं, निष्काळजीपणाने गंभीर दुखापत, ३ वर्षांपर्यंत शिक्षा किंवा १० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गुन्हा जामीनपात्र आहे, अशा केसमध्ये साधारण बीएनएसएस या फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्यातल्या ३५(३) ची, पोलिसांपुढे हजर राहायची नोटीस येते, नोटीस पाळली तर सहसा अटक होत नाही. आरोपी म्हणून पहिलं नाव भाच्याचं येईल कारण रिमोट त्याच्या हातात होता, आणि सर्टिफिकेट नसलेल्या पोराला गर्दीवर ड्रोन दिला म्हणून तुम्हालाही ओढतील. शर्यतीच्या परवानगीत किंवा पोलिसांच्या आदेशात ड्रोनबंदी होती का ते आजच कमिटीकडून कॉपी मागून बघा, असेल तर सरकारी आदेश मोडल्याचं कलम २२३ वेगळं. ड्रोन नियमांखालचा दंड १ लाखापर्यंत, तोही वेगळा. अपघात ४८ तासांत डीजीसीएला, म्हणजे आपल्याकडच्या विमान वाहतूक खात्याला, कळवायचा असतो, ते राहून गेलंय, आता कळवायचं तर वकिलाला मजकूर दाखवून, कारण त्यात लिहिलेलं प्रत्येक वाक्य पुढे तुमच्यासमोर येणार. जबाबाला जाताना वकील सोबत न्या आणि "ड्रोन मीच उडवत होतो" असं भाच्याला वाचवायला म्हणून सांगू नका, लाइव्हच्या व्हिडिओत रिमोट कोणाच्या हातात होता ते सगळ्या गावाने बघितलंय.

मेमरी कार्ड, रिमोट, पॅराशूटचं युनिट यातलं काहीही पुसायचं नाही, फॉरमॅट करायचं नाही, परत फोल्ड करायला विकणाऱ्याकडे पाठवायचं नाही. पुरावा गायब केला तर तो स्वतंत्र गुन्हा.

पैशांचं. ४ लाख आकडा कुठून आला ते आधी विचारा, दवाखान्याची बिलं, किती आठवडे काम बुडालं, पुढे खांदा उचलता येणार का, हे कागदावर घ्या. नुकसानभरपाई द्यावी लागणार हे धरून चाला, भाचा तुमच्या कामावर होता म्हणून जबाबदारी तुमची. ड्रोनच्या थर्ड पार्टी विम्याला आणि भरपाईला मोटार वाहन कायद्याच्या तरतुदी लागू धरल्यात, त्यामुळे ते मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे जायचा प्रयत्न करतील, तिथे जाता येतं का यावर वाद घालता येईल, पण त्या वादाचा खर्च आणि हेलपाटे बघता मी तुमच्या जागी असते तर बसून मिटवलं असतं. दवाखान्याचं बिल आत्ताच थेट हॉस्पिटलच्या खात्यावर भरा, माणुसकी म्हणूनही आणि पुढे तुमच्याच उपयोगाला येतं म्हणूनही. रोख देऊ नका. आणि एक गैरसमज काढून टाका, ५०० च्या स्टॅम्पपेपरवर "आमची काही तक्रार नाही" असं लिहून घेतलं की गुन्हा मिटत नाही, एफआयआर झाला तर १२५(बी) ची तडजोड कोर्टाच्या परवानगीनेच होते आणि ती आजोबांनी स्वतः करायची असते, त्यांच्या पुतण्याने नाही. मागणाऱ्यांत पुतण्याचाच आवाज मोठा आहे असं तुमच्या मेसेजवरून वाटलं म्हणून सांगितलं.

कमिटी एवढी सहज सुटत नाही. घाट त्यांचा, गर्दी त्यांनी जमवलेली, ड्रोन खाली आणा असं माइकवरून त्यांनी सांगितलं असेल आणि ते रेकॉर्डिंगमध्ये असेल तर भरपाईत वाटा मागता येईल. त्यांना लेखी नोटीस पाठवा, फोनवर भांडून उपयोग नाही.

विकणाऱ्याला मात्र सोडू नका. दिशाभूल करून माल विकल्याची तक्रार ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत करता येते, धंद्यासाठी घेतलं म्हणून तुम्ही ग्राहक नाही असं तो म्हणेल, पण स्वतःचं पोट भरायला स्वतः चालवत असलेल्या व्यवसायासाठी घेतलेल्या वस्तूला कायद्यात सूट आहे. ते चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, नुसता स्क्रीनशॉट नको, मूळ फोन जपा, त्याच्यासोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, डिजिटल पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र जोडावं लागेल. तुमची जबाबदारी यामुळे आजोबांपुढे कमी होणार नाही, पण ३८ हजार आणि काही नुकसान तरी परत मिळवायचा रस्ता आहे.

शेवटी विचारलंत की पुढच्या रविवारची ऑर्डर घेतलीये, पॅराशूट नवीन टाकून जाऊ का. नाही. टाइप सर्टिफिकेट (त्या मॉडेलला सरकारी मान्यता) असलेला ड्रोन, यूआयएन, विमा, आणि भाच्याचं डीजीसीए मान्य संस्थेतलं ट्रेनिंग एवढं होईपर्यंत एकही कमर्शियल फ्लाइट करू नका, त्यात आत्ता चौकशी सुरू असताना तर मुळीच नाही. ते झाल्यावरही ड्रोन घाटाच्या रिकाम्या बाजूला, लोकांपासून लांब ठेवून झूमने शूट करा, पॅराशूट असू द्या, पण ते डोक्यावर जायचं लायसन्स नाही. रविवारी निशाणाजवळ जिमी जिब (लांब दांड्यावरचा क्रेन कॅमेरा) लावा, आणि त्याचं भाडं कमिटीच्या बिलात वेगळं दाखवा.